मुर्राच्या दाढा

२ डिसेंबर, सोमवार

मुर्रा आज गवत तोंडात घेतो आणि खाली टाकतो. पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो. पेपर बाजूला ठेवून मी अर्धा तास हाच खेळ बघत बसले होते. मुर्रा म्हणजे माझ्या नातीचा, निधीचा गिनीपिग. इथे रायपुरात चुरमुऱ्यांना मुर्रा म्हणतात. हा आला तेव्हा तसाच पांढरा आणि हलका होता, म्हणून बारा वर्षांच्या पोरीने ते नाव ठेवलं. आता चांगला गुटगुटीत झाला आहे, आणि ते श्रेय कोणाचं हे फक्त या वहीला माहीत आहे.

गोग्रास मात्र त्याने खाल्ला. ब्राह्मणपाऱ्यात राहत होते तेव्हा साडेदहाच्या सुमारास गाय पायरीशी येऊन उभी राहायची. पहिली पोळी तिची. तिला दिल्याशिवाय चाळीस वर्षांत मी घास तोंडात घातलेला नाही. एप्रिलमध्ये इथे तेलीबांध्याला, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सहावा मजला. गाय काय लिफ्टने येणार आहे? पहिले काही दिवस पोळी खाली गार्डकडे दिली की बाबा, दिसेल त्या गाईला घाल. एक दिवस तीच पोळी कचऱ्याच्या डब्यात दिसली. त्या दिवसापासून मी ती मुर्राला देते. तोही गवत खाणारा, तोही मुका. गाईचं धाकटं भावंड समजायचं. तूपगुळात कुस्करून मऊ करून दिली की मचमच खातो. घरात कोणाला सांगितलेलं नाही. मी आले त्याच दिवशी सुनेने, मंजिरीने, बजावून ठेवलं होतं की गवत, त्याच्या दुकानातल्या गोळ्या आणि थोडी भाजी, याशिवाय याला काही द्यायचं नाही. मोबाइलवर वाचून जनावर पाळणारी माणसं ही!

मंजिरी सातच्या बसने नवा रायपूरला ऑफिसात जाते, त्याआधी पोळ्या करते. पहिली पोळी तूप लावून वाटीखाली वेगळी झाकलेली असते. नेहमी जाड. पातळ लाटायला हिला कधी जमणार कोण जाणे.

४ डिसेंबर, बुधवार

निधी दर बुधवारी मुर्राला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बसवते आणि वजन कॉपीत, म्हणजे तिच्या वहीत, लिहिते. त्या कॉपीत त्याचं सगळं आहे: किती गवत, किती गोळ्या, ढोबळी मिरचीचा तुकडा केवढा. मागच्या बुधवारी एक हजार चाळीस ग्रॅम होता, आज नऊशे साठ. पोरीचा चेहराच उतरला. मला म्हणाली, "आजी, देखो ना, इसकी ठुड्डी गीली है." हनुवटी ओली होती खरी. मी म्हटलं, पाणी प्यायला असेल. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, असं आमचं चालतं.

शाळेची बस गेल्यावर पोळी दुधात भिजवली. आजारी माणसाला आपण मऊच देतो. माझ्या बोटावरची थोडी चाटली त्याने. गोळ्यांकडे ढुंकून पाहत नाही, गवत टाकतो, पण माझ्या हातचं खातो. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. या घरात माझ्या हातचं मागून खाणारा तेवढाच एक आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

मंजिरीने अर्धी रजा काढली आणि त्याला जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांच्याकडे सगळी कुत्री. त्यांनी अंगठ्याने मुर्राचा ओठ वर केला, पुढचे दात पाहिले आणि दात एक नंबर असल्याचं सांगितलं. पोटात गॅस असेल म्हणून थेंब दिले. मंजिरी घरी येऊन पुटपुटत होती की गवत निकृष्ट आलं असेल. मीही म्हटलं, असेलच. ते गवत अभनपूरहून आमचे बाबाराव, ह्यांचे चुलतभाऊ, शेतावर वाळवून पोत्यात भरून पाठवतात. बिचाऱ्यांच्या गवताला उगाच नावं ठेवली.

७ डिसेंबर, शनिवार

काल दुपारपासून मुर्राने सगळं सोडलं. पोळीलाही तोंड लावलं नाही. कोपऱ्यात केस पिंजारून बसतो, भूक लागली की धावत वाडग्याशी येतो, नाक लावतो आणि परत जातो. हे बघवत नाही. भूक नसती तर गोष्ट वेगळी होती.

मंजिरीच्या ऑफिसातल्या कोणीतरी एका तरुण डॉक्टरचं नाव सांगितलं. विहंग नाव. पक्षी, ससे असलं सगळं बघतात. आम्ही तिघी गेलो. त्यांनी मुर्राला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि दिव्याची बारीक नळी तोंडात घालून बराच वेळ पाहिलं. मग समोरच्या पडद्यावर आम्हालाही दाखवलं. पुढचे दात ठीकच आहेत. मागच्या दाढा वाढल्या आहेत. खालच्या दोन्ही बाजूंनी आत झुकल्यात आणि जिभेवर कमान झाली आहे. जीभ त्या कमानीखाली अडकलेली. वरच्या एका दाढेचं टोक गालात रुतलंय. घास आत ढकलायला जीभच हलत नाही.

डॉक्टरांनी निधीला समजावून सांगितलं. यांचे दात जन्मभर वाढत राहतात. लांब गवत तासन्‌तास दळत बसलं तरच ते झिजतात. मऊ खाणं मिळालं की पोट भरतं, दळणं होत नाही, आणि दाढा वाढत जातात. मग विचारलं, "रोटी, बिस्किट, ब्रेड, ऐसा कुछ खाता है?"

निधीने मान ताठ केली. "नहीं. कभी नहीं. सब लिखा है मेरे पास." आणि कॉपी पुढे केली.

समोरच्या भिंतीवर पोपटाचं कॅलेंडर होतं. मी त्याच्यावरचे डिसेंबरचे सगळे रविवार वाचून काढले.

डॉक्टरांनी कॉपी चाळली, पोरीचं कौतुक केलं, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. म्हणाले, खाणं इतकं बरोबर असूनही दाढा वाढल्या असतील तर दोष मुळात असणार, जन्माचा. एक्स-रेमध्ये मुळं धूसर दिसतात, नक्की सांगता येत नाही. भूल देऊन दाढा घासता येतील, पण महिन्याभरात परत वाढतील, परत भूल. एवढ्याशा जिवाला भूल सोसेलच असं नाही. दर महिन्याला तर नाहीच. बुधवारपर्यंत सिरिंजने पातळ भरवा, दुखण्याचं औषध देतो, आणि घरी बसून विचार करा. कसला विचार ते निधीसमोर बोलले नाहीत. मंजिरीला बाजूला घेऊन बोलले.



९ डिसेंबर, सोमवार

दर तीन तासांनी त्याच्या गोळ्या भिजवून, वाटून, बिनसुईच्या सिरिंजने भरवायच्या. पहाटेची आणि रात्रीची पाळी मंजिरीची, शाळेतून आल्यावर निधीची, मधल्या दुपारच्या दोन माझ्या. तो तोंड फिरवतो, निम्मं माझ्या पदरावर सांडतं. आज वजन आठशे नव्वद.

मी हिशेबाने विचार करून पाहिला. दिवसाला एक पोळी. एका पोळीने कोणाच्या दाढा वाढतात का? मग मुर्राला मांडीवर घेतलं आणि पोळी त्याच्याशेजारी धरून पाहिली. पोळी त्याच्यापेक्षा मोठी होती. अर्धं पोट तर पोळीनेच भरत असणार. मग तो गवत कशाला दळत बसेल? आणि मी म्हणत होते गुटगुटीत झाला.

सांगायला हवं, हे मला कळतं. पण कसं सांगू? मंजिरी बोलणार नाही, तिचं बोलणं नेमकं आणि थोडं असतं. ती फक्त म्हणेल, आई, मी सांगितलं होतं. तेवढंही मला पुरे आहे. स्वतःचं घर सोडून मुलाच्या घरी आलेल्या बाईकडे आपलं म्हणून काय राहतं? एक गोग्रास होता. त्यानेच हे झालं असं तोंडाने म्हणायचं?

आणि समजा जन्माचंच असेल तर? मग सांगून तरी काय उपयोग? असं दिवसभर मनाशी घोळवते आहे. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं ऑपरेटर होते, लाइन मोकळी असताना व्यस्त आहे म्हणून गोड आवाजात सांगायची सवय तिथलीच.

विशालचा, माझ्या मुलाचा, कोरब्याहून फोन आला. तिथे प्लँटमध्ये आहे, पंधरा दिवसांनी येतो. म्हणाला, एवढ्याशा प्राण्यासाठी घर वेठीला धरू नका, डॉक्टर म्हणतात तसं करून मोकळे व्हा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. मंजिरीने फोन ठेवला आणि ओट्याशी उभं राहून डोळे पुसले. मला वाटलं होतं तिला मुर्राची कटकट होते.

१० डिसेंबर, मंगळवार

निधीचा आज गणिताचा पेपर होता. विचारलं तर म्हणाली, बुरा गया. जेवली नाही. मुर्राला भरवून झाल्यावर त्याची हनुवटी ओल्या कापसाने पुसत बसली आणि मान वर न करता मला म्हणाली, "आजी, मम्मी ने बता दिया. मैंने सोच लिया है. पैदाइशी है तो हर महीने दुखेगा ना. उसको सुला देते हैं."

मी म्हटलं, थांब, डॉक्टर काय म्हणतात ते उद्या बघू.

ती म्हणाली, डॉक्टर तेच म्हणतील, कारण तिने सगळं बरोबर केलं तरी हे झालं. मग तिने कॉपीत एक पान सोडून मुर्राचं चित्र काढलं, आणि खाली तो आमच्याकडे आला ती तारीख लिहिली. पुढे छोटी रेघ ओढली आणि जागा मोकळी ठेवली.

मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. बारा वर्षांच्या पोरीने माझ्या मौनाच्या भरवशावर एक जीव कायमचा झोपवायचं ठरवलं आहे.

११ डिसेंबर, बुधवार

झालं. सांगितलं. आजचं आजच लिहिते.

वाटेत रिक्षातच सांगेन असं ठरवलं होतं. निधी मुर्राचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, त्यावर हात ठेवून. तेलीबांध्याचा तलाव गेला, सिग्नल गेले, माझं तोंड उघडलं नाही. दवाखान्यात खुर्चीवर बसल्यावर सांगेन म्हटलं. तिथे एक बाई ससा घेऊन आली होती, तिच्यासमोर कसं बोलायचं? आत बोलावलं. डॉक्टरांनी मुर्राला टेबलावर घेतलं, वजन आठशे पंचाहत्तर. त्यांनी मंजिरीकडे पाहिलं. मंजिरीने निधीकडे पाहिलं. निधीने मान हलवली, म्हणाली, हव. आणि डॉक्टर इंजेक्शन काढायला मागे वळून कपाटाकडे गेले.

तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, थांबा. हा पोळी खातो."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी विचारलं, कब से.

"एप्रिलपासून. रोज एक. तूपगूळ घालून. मी देते, यांना माहीत नाही."

मंजिरीला पहिल्यांदा कळलंच नाही. तिने विचारलं, "कोणती पोळी, आई?"

मी म्हटलं, "गाईची."

 मग ती जे बोलली ते मी जन्मभर विसरणार नाही. "ती मी गाईसाठी करून राहिली होती न आई. आमच्या माहेरी तर हे काहीच नव्हतं. तुमचं घर सुटलं, निदान हे तरी राहावं, म्हणून रोज आधी उठून राहिली होती. तुम्ही मले सांगितलं असतं तर मी स्वतः स्कूटीवर जाऊन घातली असती गाईला. काहून नाही सांगितलं?"

 जाड पोळी, जाड पोळी म्हणत आठ महिने मी या वहीत नावं ठेवत आले. ती पोळी घाईच्या वेळी कोणासाठी होत होती हे एकदाही मनात आलं नाही.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते कपाट बंद करून परत आले, खुर्ची ओढून बसले, आणि माझ्याकडून सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले की माँजी, ही चांगली बातमी आहे. खाण्यामुळे झालं असेल तर मुळं शाबूत असण्याची आशा आहे. दाढा घासू, मग नुसत्या गवतावर ठेवू, कदाचित परत भूल द्यावीच लागणार नाही. उद्या सकाळीच करू. भुलीतून उठेल याची मात्र हमी नाही. अशक्त झाला आहे, पाच दिवस वाया गेले आहेत.

ते पाच दिवस माझे.

 रिक्षात बसल्यावर निधीने कॉपी उघडली, पानं उलटली आणि बंद केली. "मेरी कॉपी झूठी हो गई," एवढंच म्हणाली. माझ्याकडे पाहून नाही, रस्त्याकडे पाहून.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी नऊला त्याला आत नेलं. याला उपाशी ठेवायचं नसतं म्हणे, भरवून मग तोंड धुऊन घेतात. डॉक्टर म्हणाले पाऊण तास. सव्वादहा झाले तरी दार उघडेना. मंजिरी उभीच होती. निधी माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. मी देवाचं नाव घ्यायला लागले आणि थांबले. कोणत्या तोंडाने मागायचं?

साडेदहाला डॉक्टर बाहेर आले. दाढा घासून झाल्या, जीभ मोकळी झाली, पण उठायला वेळ लावतोय. आणखी वीस मिनिटं गेली. मग आतल्या मुलीने हाक मारली. मुर्रा गरम पाण्याच्या पिशवीवर पडला होता, डोळे उघडे, मान डुगडुगत होती. निधीने त्याच्या कानाला बोट लावलं, कान हलला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जिवंत आहे, पण खात नाही. जबडा आधी अवघडलेला असतो, डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवस बघू. त्यापुढे गेलं तर अवघड.

निधीने पिंजरा हॉलमधून स्वतःच्या खोलीत नेला. परीक्षेला जाताना खोलीला कुलूप लावून किल्ली मंजिरीकडे दिली. मंजिरीने चार दिवसांची रजा घेतली आहे. माझ्या दोन पाळ्या आता तीच करते.  मी त्या जागी असते तर मीही कुलूपच लावलं असतं. सबंध दुपार मी हॉलमध्ये बसून कुलूप बघत होते आणि आत सिरिंजचा आवाज येतो का ऐकत होते.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी अकराच्या सुमारास निधीच्या खोलीतून मंजिरीची हाक आली, "आई, या लवकर."  मला वाटलं संपलं.

दाराशी गेले तर मंजिरीने तोंडावर बोट ठेवलं. मुर्राने गवताची एक काडी तोंडात धरली होती. ती आत जात होती. हळू, अडखळत, पण जात होती, आणि दळल्याचा बारीक आवाज येत होता. काडी संपली. त्याने दुसरी धरली. निधी पोटावर पालथी पडून, नाक पिंजऱ्याला लावून बघत होती. मंजिरीने माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. मी तिला म्हटलं, तुझ्या पोळीला मी फार नावं ठेवली गं. ती म्हणाली, जाड होते ते खरंच आहे.

निधीने मागे वळून पाहिलं नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

वजन नऊशे पाच. डॉक्टरांनी आज पुन्हा नळी घालून पाहिलं. जीभ मोकळी, गालाची जखम भरत आलीये. सहा आठवड्यांनी परत दाखवायचं आणि तोवर गवत, गवत आणि गवत. मंजिरीची रजा संपली, ती दवाखान्यातूनच ऑफिसला गेली. निधी आणि मी घरी आलो. गेल्या बुधवारपासून ती माझ्याशी कामापुरतंही बोललेली नाही.

दुपारी जेवून झाल्यावर ती मुर्राला घेऊन हॉलमध्ये आली आणि माझ्यासमोर बसली. "आजी, एक बात पूछूँ? सच बोलना."

मी म्हटलं, विचार.

"डॉक्टर उसको सुलाने की बात नहीं करते, सिर्फ़ हर महीने दाँत घिसने का बोलते, तो आप बतातीं?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. सांगितलंच असतं बाळा, आजी तुझ्याशी खोटं बोलेल का. किती सोपं होतं. ती मान वर करून बघत होती, आणि तिला कळलं असतं.

मी म्हटलं, "नसतं सांगितलं, निधी. तेव्हा माझ्यात हिंमत नव्हती."

 मुर्रा तिच्या फ्रॉकचं टोक चघळत होता, तेही तिने सोडवलं नाही. शेवटी म्हणाली, "हव. मुझे भी यही लगा था." रडली नाही, रागावलीही नाही. घड्याळ पाहिलं. चार वाजले होते, तिच्या ट्यूशनची वेळ झाली होती.

आत जाऊन दप्तर घेऊन आली, चपला घातल्या, आणि मग परत येऊन मुर्राला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. गवताची मूठ माझ्या हातात दिली. दार ओढून घेऊन ती गेली. सहापर्यंत घरात आम्ही दोघंच होतो.